खलीलचाचांची परवानगी

‘नाही’ म्हणताना खलीलचाचांचा चेहरा जसा फुलायचा, तसा ईदलाही फुलत नसेल. चाकणजवळच्या आमच्या कारखान्याच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये कॉम्प्युटर आठ, वापरणारे शंभर. ट्रेनर लोकांची मेलपेटी एकच, तिच्यात प्रत्येक बॅचचं फोल्डर. त्यात कोणी नुसतं बघायचं, कोणी लिहायचं आणि कोणी पुसायचं, हे चाचा ठरवत. ते कंत्राटावर होते, पण रुबाब मालकाचा.

मेलला ते टपाल म्हणत. “मशीन समद्यांचं, टपाल ज्याचं त्याचं,” असं पुटपुटत जेवणाच्या सुट्टीत आठही मशिनी तपासत. कोणाचा मेल उघडा दिसला की बंद करत आणि दुपारभर त्याला ऐकवत. वैताग यायचा हो!

मी नवा ट्रेनर. मला पुसायची परवानगी हवी होती, कारण एक जुना मेल काढायलाही चाचांच्या पाया पडावं लागे. महिनाभर मागे लागलो. शेवटी कंटाळून म्हणाले, “घे बाबा. पर उठताना बंद करून ऊठ.”

आणि मी नेमका मेल उघडा ठेवून उठलो. मोशीची बस चुकेल म्हणून पळालो, झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी खेडकडचा एक प्रशिक्षणार्थी त्या मशीनवर बसला. “सर, जागा भरली म्हनत व्हतं, म्या समदं साफ केलं,” त्यानं कौतुकानं सांगितलं. चाळीस पोरांच्या परीक्षेचे निकाल गेले होते. त्यावरच त्यांचं कायम होणं ठरणार होतं. पुसलेलं परत आणता येत नाही म्हणून हेड ऑफिसनं हात वर केले.

चाचा ओरडले नाहीत. कपाटातून उत्तरपत्रिकांचे गठ्ठे काढले आणि आम्ही दोघांनी दोन दिवस सगळे गुण पुन्हा भरले. पोरं वाचली. मॅनेजरनं विचारलं तेव्हा मी तोंड उघडायच्या आत चाचा म्हणाले, “परवानगी माज्या हातनं गेली, साहेब.” मग मी तोंड उघडलंच नाही. नोकरी नवी होती, भ्यालो.

महिन्याभरात त्यांचं कंत्राट संपलं. शेवटच्या दिवशी त्यांनी एकेका फोल्डरवरून स्वतःचं नाव काढलं आणि ते उघडतंय का बघितलं. “उघडत न्हाई. बरोबर हाय.”

यादीत माझं नाव तसंच होतं, पुसायच्या परवानगीसकट. “चाचा, माझी काढायची राहिली.”

“राहिली न्हाई, ठेवलीया. तू आता न्हाई इसरायचा.”

आता त्यांच्या खुर्चीवर मी बसतो, आठ मशिनी तपासतो, लोकांचा वैताग ऐकतो. दमतो. ‘निष्काळजीपणे परवानगी दिल्यामुळे मुदत वाढवू नये’ हा त्यांच्याबद्दलचा मॅनेजरचा मेल अजून त्याच पेटीत आहे, ट्रेनर झालेल्या प्रत्येकाला दिसतो. तो पुसायची परवानगी माझ्याकडे आहे. पुसून काय होणार? त्याखाली ‘मेल मी उघडा ठेवला होता’ एवढंच लिहायचं आहे, आणि चार वर्षं झाली, ते माझ्या हातून होत नाही.