सुविधानं प्रीफिक्स लिहिणं सोडलं

पार्से गावची सुविधा ओसरीवर बसून लोकांच्या वेबसाइट करते. तिची एक खोड होती. पानाची मांडणी कशी दिसावी ते एकदा लिहून भागत नसे. पान दाखवणारे जुने ब्राउझर मोठे मानाचे, ज्याचं त्याचं नाव पुढे लावून सांगितलं तरच ऐकणार. म्हणून सुविधा एकच ओळ तीन-चारदा लिही, दर वेळी पुढे वेगळा प्रीफिक्स. आठ वर्षांत एकही चुकवला नाही, हे ती बघायला आलेल्या स्थळांनाही सांगे. स्थळं चहा पिऊन जात.

मामेभाऊ रुद्रेश डिचोलीत हेच काम करतो. तो म्हणे, प्लगइन म्हणून एक छोटा प्रोग्रॅम असतो, तो हे सगळं आपोआप लावतो, तू बोटं कशाला झिजवतेस. वर्षभर तिनं ऐकलं नाही. मग केरीच्या विमलामावशीचं पान नव्यानं करताना एकदाचं बसवलं. चार सेकंदांत काम झालं. ती जेवायला लवकर बसली.

सकाळी मावशीचा फोन. समुद्राकाठी तिच्या भाड्याच्या तीन खोल्या. टेबलावरच्या जुन्या टॅबवर पान बघून पाव्हणे खोली ठरवतात.

"तिनय खोल्यो एकामेकाच्या डोक्यार बसल्यात गो," मावशी म्हणाली. "दोनाक पाव्हणे येतले. जमणा नाय तर सांग, म्हापशाच्या पोराक बोलावतंय."

मावशी तिची पहिली गिऱ्हाईक. ती गेली की उरलेली केरी तिच्या मागून जाणार. सुविधानं नवा टॅब घ्यायचं सुचवलं. नवरा बदलायला सांगितल्यासारखा मावशीनं फोन ठेवला.

फाइल उघडली तर जुने प्रीफिक्स गायब, तिनं हातानं लिहिलेलेसुद्धा. रुद्रेश म्हणाला, प्लगइन लावतं तसं झाडतंही. कोणते ब्राउझर सांभाळायचे त्याची यादी असते. यादीत नाही त्याच्या ओळी कचरा.

"यादी कोणी केली?"

"तू दिली नाय, मगे त्यानं आपली धरली."

सुविधानं मावशीला पुन्हा फोन करून टॅबमधल्या ब्राउझरची आवृत्ती वाचायला लावली. चष्मा शोधण्यात पंधरा मिनिटं गेली. आवृत्ती यादीत घातली, प्लगइन पुन्हा चालवलं, पान चढवलं. दीड वाजता मावशीनं कळवलं, खोल्या शेजारी शेजारी बसल्या. आता मधल्या खोलीचा पडदा फोटोत मळका दिसतोय, तेवढा धुऊन दे.

संध्याकाळी सुविधानं बाकीच्या पानांतले हातानं लिहिलेले सगळे प्रीफिक्स पुसले; यादी नीट दिली की ते प्लगइनच लावतं. नवं काम घेताना ती हल्ली आधी यादीसाठी घरातला सर्वांत जुना फोन बघायला मागते. लोक म्हणतात, पोरीला जुन्या वस्तूंचा नाद आहे.