शेऱ्याच्या रकान्यातली फुलं

माझ्या लग्नाच्या हॉलची पावती मी सही करण्याआधी वाचली होती. अटींवरून अडलं तेव्हा घरात सगळ्यांना वाटलं की घाईत ती वाचायची राहून गेली, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी ते तसंच वाटू दिलं.

घटस्थापना होऊन दोन दिवस झाले होते. मी अमरावतीला एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करते आणि शनिवार-रविवार अकोल्याला घरी येते. त्या रविवारी बाबा, काका आणि मी हॉलचा इसार द्यायला गेलो. आमचं घर अकोल्यात असलं तरी वावर पातूरच्या अलीकडे आहे. बाबा आणि काका तिथे भाजीपाला आणि फुलं काढतात. बाबांनी जाताना झेंडूचा एक हार नेला होता. तो त्यांनी मॅनेजरच्या ऑफिसातल्या गणपतीच्या फोटोला स्वतःच घातला आणि मग खुर्चीवर बसले.

मॅनेजरने भाडं सांगितलं, तारीख पाहिली. बाबा म्हणाले की फुलं आमच्या वावरातली असतील, मांडव आम्हीच सजवू, त्यासाठी झेंडू वेगळा लावणार आहोत. मॅनेजर म्हणाला, वा, घरचीच फुलं, मग काय पाहिजे. असं म्हणत त्याने समोरच्या लांबट रजिस्टरमध्ये काहीतरी लिहिलं. अनोळखी माणसांसमोर मी कोणाच्या तोंडाकडे पाहत नाही, टेबलावर जे काही असेल ते पाहते. त्यामुळे मला उलटं वाचायची सवय लागली आहे. तारीख, पार्टी, मोबाइल, इसार, आणि शेवटी शेरा, असे रकाने होते. आमच्या ग्रंथालयाच्या दाखल नोंदवहीतही शेवटचा रकाना शेऱ्याचाच असतो आणि तो बहुतेक वेळा रिकामा राहतो. याने तो भरला, एवढं मी टिपलं.

पावती इंग्रजीत होती. मॅनेजरने ती बाबांपुढे सरकवली आणि बाबांनी माझ्यापुढे.

"हिलेच करू द्या सही," ते म्हणाले. "इंग्लिश शाळेत शिकली थे."

रकमेखाली बारीक अक्षरांत एक ओळ होती. सर्व अटी व नियम वाचले असून ते मान्य आहेत, असा तिचा अर्थ. पावतीच्या मागची बाजू कोरी होती. सोबत दुसरा कागद नव्हता. कोणत्या अटी, एवढं विचारायचं होतं. शाळेत शंका असली की मी ती वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवायचे आणि घरी येऊन पुस्तकात उत्तर शोधायचे, बाईंना कधी विचारलं नाही. त्यात इथे नवरी मुलगीच हॉलवाल्याशी घासाघीस करते आहे असं दिसलं असतं. मॅनेजर पेन धरून थांबला होता. मी सही केली.

दिवाळीनंतर झेंडूला भाव उरत नाही, त्यामुळे त्या दिवसांत फुलेल असा झेंडू मुद्दाम कोणी लावत नाही. बाबांनी लावला. मार्गशीर्षातल्या लग्नाच्या तारखेपासून ते उलटे दिवस मोजत आले आणि दसऱ्यानंतर रोपं टाकली. शेजारच्या वावरातले लोक बांधावर थांबून विचारत, हे कोणत्या बाजारासाठी? बाबा सांगत, पोरीच्या मांडवासाठी. हे त्यांनी इतक्या जणांना सांगितलं की शेवटी लोक मलाच झेंडूची खबर विचारू लागले.

रोपं टाकून आठवडा झाला असेल. शुक्रवारी संध्याकाळी मी एसटीने घरी येत होते. गाडी मूर्तिजापूरच्या स्टँडवर थांबलेली असताना फोनवर हॉलकडून एक फाइल आली, अटी आणि नियमांची. चौदा कलमं होती. अकराव्यात लिहिलं होतं की सजावट हॉलच्याच डेकोरेटरकडून करून घ्यावी लागेल आणि बाहेरची फुलं आणता येणार नाहीत. त्या सजावटीचा दर हॉलच्या भाड्याच्या जवळपास होता. बाराव्यात, बुकिंग रद्द केल्यास इसार परत मिळणार नाही. गाडी निघाली तेव्हा माझ्या शेजारच्या बाईंनी मला पाणी हवं का विचारलं. माझा चेहरा कसा दिसत होता कोण जाणे.

घरी मी फाइल वाचून दाखवली. बाबांनी अकरावं कलम पुन्हा वाचायला लावलं. काकांना गप्प बसणं जमत नाही.

"मंग फुलाचं लगन वावरातच लावू," ते म्हणाले. "अन् पोरीच्या मांडवात त्याचे प्लास्टिकचे फुलं."

दुसऱ्या दिवशी दोघं हॉलवर जाऊन आले. मी गेले नाही, डोकं दुखतं म्हणाले. मॅनेजरने त्यांना पावती दाखवली आणि सांगितलं की तुमच्या शिकलेल्या मुलीने अटी वाचूनच सही केली आहे. दोघं तसेच परत आले. आईला वेगळीच काळजी होती. माझं सासर अमरावतीचं. हॉलवरून भांडण झाल्याचं त्यांच्या कानावर गेलं तर बरं दिसायचं नाही, असं तिला वाटत होतं. तो हॉल ठेवावा तर सजावटीचा खर्च झेपणारा नव्हता. सोडावा तर दुसऱ्या ठिकाणी इसार द्यायला हातात काही नव्हतं. पहिला इसार परत यायला हवा होता, आणि तो अडला होता माझ्या सहीवर.

संध्याकाळी बाबा बाजारासाठी हार ओवत बसले होते. मीही सुई घेऊन बसले. खाली पाहून काम करताना बोलणं मला सोपं जातं.

"बाबा, मी ती ओळ वाचली होती," मी म्हटलं. "सही करायच्या आधी."

त्यांनी दोन-तीन फुलं ओवली.

"मंग इचारलं काहून नाई?"

"भीती वाटली."

"कोनाची?"

मॅनेजरची म्हणावं तर तो साधाच माणूस होता. बाबांनी हाराची गाठ मारली आणि दोरा दातांनी तोडला.

"आता इचार," ते म्हणाले. "सोमवारी जाऊ. तू बोल. मी बाजूले बसतो."

मी सोमवारची रजा टाकली. रविवारभर काय बोलायचं ते कागदावर लिहीत होते. सोमवारी तो कागद पर्समध्येच राहिला, कारण बाबा, काका आणि मी बसताच मॅनेजरने पहिला प्रश्न केला.

"ताई, सही तुमचीच आहे ना?"

"माझीच आहे," मी म्हटलं. "पण कोणत्या अटी वाचून केली? त्या दिवशी अटींचा कागद टेबलावर नव्हता. तो मला नंतर फोनवर आला, ही बघा तारीख. आणि ही पावतीची."

बोलून झाल्यावर मला कळलं की मी टेबलाकडे बघत नव्हते.

तो म्हणाला की अशा अटी सगळ्याच हॉलच्या असतात, त्या सांगाव्या लागत नाहीत. घरच्या फुलांबद्दल कोणी बोललं असेल तर त्याला काही आठवत नाही. तेव्हा मी त्याला रजिस्टर उघडायची विनंती केली. तो हसला आणि म्हणाला, ते ऑफिसचं आहे. माझा आवाज बहुधा वाढला होता, कारण आतल्या काचेच्या दारामागून हॉलचे मालक बाहेर आले. वयस्कर होते, हातात चष्मा होता. मी त्यांनाही तेच सांगितलं, की आमच्या बुकिंगच्या ओळीत शेऱ्याचा रकाना बघा.

त्यांनी चष्मा लावून स्वतः पान काढलं. बराच वेळ बोट फिरवत शेवटी थांबले. मी उलटंच वाचलं: फुले घरची, सजावट पार्टी करणार.

"हे अक्षर कोनाचं आहे?" त्यांनी मॅनेजरला विचारलं.

"माझंच, साहेब."

काकांनी खुर्ची थोडी पुढे ओढली. मग मालक बाबांकडे वळले. झालं ते झालं, म्हणाले, तुम्ही फुलं आणा, आम्ही अकरावी अट सोडून देतो, तारीख कायम ठेवू. त्यांचं बोलणं वाईट नव्हतं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. ते हो म्हणतील असं मला वाटलं होतं, पण ते खरंच नुसते बाजूला बसले होते.

"नको," मी म्हटलं. "अजून तेरा अटी आहेत. त्यांचा तुम्ही काय अर्थ लावता ते आम्हाला लग्नाच्या दिवशी कळायला नको. आमचा इसार परत द्या."

मालकांनी चष्मा काढून पुसला. बाबांना विचारलं, पोरगी काय करते? बाबा म्हणाले, पुस्तकं सांभाळते. मालक मॅनेजरला म्हणाले, दे यांचे. बाबांच्या फोनवर सगळी रक्कम आली. ती मिळाल्याचं लिहून द्यायला त्यांनी मला एक कागद दिला.

"आता नीट वाचजो, माय," काका मागून म्हणाले. या वेळी मालकही हसले.

मी वाचला. चार ओळी होत्या. सही केली.

बाहेर आल्यावर मला एकदम कडकडून भूक लागली. दोन दिवस मी नीट जेवले नव्हते हे तेव्हा लक्षात आलं. चौकातल्या गाडीवर मी आलूबोंड्याची एक प्लेट खाल्ली, मग दुसरी मागवली. बाबा चहा घेत होते. आईला फोन करून ते एवढंच म्हणाले, "भेटले. पोरगी बोलली."

त्याच आठवड्यात आम्ही आमच्या समाजाचं सभागृह ठरवलं. जुनं आहे, भिंतींना नुसता चुना, पण त्या तारखेला मोकळं होतं. तिथले राखणदार आजोबा एका चौकटीच्या वहीतून पावत्या फाडतात. त्यांनी पावती पुढे केली तेव्हा मी विचारलं, अटी काय आहेत?

त्यांना हा प्रश्न कोणी विचारलेला नसावा. त्यांनी डोकं खाजवलं.

"जाताना पंखे बंद करा लागते," ते म्हणाले. "अन् चपला बाहेर."

मी पावतीच्या मागे दोन्ही लिहिलं. ते वाकून पाहत होते.

"फुलं घरचेच आनसान ना? मंग दुसऱ्या दिवशी झाडून द्या लागन. हे बी लिह्य."

तीन नंबर घालून तेही लिहिलं आणि त्यांची सही मागितली. त्यांनी ती सावकाश, जोडाक्षर तोडून केली. बाबा दारात उभे राहून हसत होते. अलीकडे त्यांना इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी अमरावतीला, सासरी होते. नव्या घरात कुठे बसावं हेच कळत नव्हतं. तेवढ्यात काकांनी पाठवलेला एक फोटो आला. सभागृहाची फरशी ओल्या फडक्याने पुसलेली, आणि दाराबाहेर आमच्या ट्रॉलीत झेंडूचा ढीग, वावरातल्या खतात टाकायला निघालेला. खाली त्यांनी लिहिलं होतं: तीन नंबर झाला, पंखे बी बंद केले.