रत्नाक्काची साक्ष

निपाणीच्या सर्व्हिस मोटारीचा ड्रायव्हर सकाळीच बेळगावात, टिळकवाडीतल्या माझ्या फाटकाशी येऊन उभा राहिला. गाडी नाक्यावर थांबवून तो चालत आला होता, आणि त्यानं टोपी काढून हातात घेतली होती. "वकीलसाब, निरोप हाय. रत्नाक्का गेल्या. काल दुपारी." मी विचारलं, कशानं? "जेवून भिंतीला टेकून बसल्या हुत्या म्हणं. भावजयीनं हाक मारली तर..." त्याला आज सात आठवडे झाले. या पुरवणीच्या वाचकांना रत्नाक्का ठाऊक असण्याचं काही कारण नाही. ती कधी सभेत बोलली नाही, तिला सहीसुद्धा करता येत नव्हती. पण माझ्या साऱ्या वकिलीत एकाच साक्षीदारापुढे मी हरून खाली बसलो, आणि ती साक्षीदार म्हणजे रत्नाक्का. त्या दिवशी कोर्टात नेमकं कोण बोललं, हे मला अजून सांगता येत नाही.

निपाणीत आमचं घर त्यांच्या घराला लागून. माझे वडील शाळामास्तर, आणि रत्नाक्काचे वडील आदाप्पा तंबाखूचे शेतकरी, जैन, घरात मराठी आणि कानडी दोन्ही भाषा सारख्याच चालायच्या. आदाप्पांच्या छातीत तंबाखूची भुकटी कायमची बसलेली. बोलण्याआधी ते दोनदा खोकत, मग एक श्वास घेत, आणि वाक्याच्या मधेच थांबत. रत्नाक्का त्यांची थोरली. सोळाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परत आली आणि त्याच घरात राहिली. तिच्या पाठचा बाळगोंडा, धाकटा जिनाप्पा. मी तिच्याहून पाच वर्षांनी लहान. आई आजारी असली की मी त्यांच्याच सोप्यावर जेवायचो, तेही सूर्य मावळायच्या आत, कारण त्या घरात अंधारात कुणी जेवत नसे. आदाप्पा मला 'मास्तराचा सद्या' म्हणायचे. सदाशिव या माझ्या नावाची अशी मोडतोड त्यांच्याखेरीज कुणी केली नाही. मी दंगा केला की त्यांचा एकच शब्द यायचा, "कुंदर." म्हणजे कानडीत, खाली बस. तो शब्द कानावर पडला की माझे पाय आपोआप दुमडायचे.

साथीच्या तापात आदाप्पा गेले तेव्हा मी बेळगावात वकिलीला नुकती सुरुवात केली होती. दोन्ही मुलगे त्याच घरात तापानं पडलेले. आदाप्पांच्या उशाशी रत्नाक्का आणि बस्तीतले, म्हणजे जैन देवळातले उपाध्ये एवढेच होते. भर दुपारी आदाप्पांनी आपल्या मिळकतीबद्दल काय ते सांगितलं आणि तासाभरात डोळे मिटले. उपाध्ये आठव्या दिवशी त्याच तापानं गेले. वडिलोपार्जित जमिनीचा प्रश्न नव्हता, ती दोघा मुलांचीच. प्रश्न होता कोगनोळीच्या वाटेवरच्या विहिरीच्या शेताचा. ते आदाप्पांनी स्वतःच्या कष्टानं घेतलेलं, म्हणजे कुणाला द्यायचं हे त्यांच्या मर्जीवर. त्या काळी आमच्या भागात तोंडी मृत्युपत्रही कायद्यानं चालत असे, फक्त पुरावा पक्का लागे. आणि आता पुरावा म्हणजे एकटी रत्नाक्का. तिनं भावांना सांगितलं, आप्पांनी शेत दोघांत निम्मं दिलंय, विहीर सामाईक ठेवलीय, आणि मला मागची खोली आणि पोटापुरतं धान्य. बाळगोंडानं मान डोलावली. जिनाप्पा म्हणाला, आप्पांनी ते शेत आपल्या हयातीतच मला दिलं होतं, आक्का दादाच्या बाजूनं बोलते. चुली वेगळ्या झाल्या. त्या पेरणीला शेत तसंच पडून राहिलं. मग बाळगोंडानं दावा लावला, आणि जिनाप्पा माझ्याकडे आला.

मी ते काम घ्यायला नको होतं. पण मी तरुण होतो, कामं हातात थोडी होती, आणि जिनाप्पा माझ्या वर्गात शिकलेला. त्यामुळे मी मनाशी म्हणालो की शेजारधर्म दोघांशी सारखाच आहे.

साक्षीच्या दिवशी चिकोडीच्या कोर्टात ऊन इतकं होतं की खिडक्यांना ओली वाळ्याची तट्टी लावली होती. रत्नाक्का पांढऱ्या लुगड्यात पिंजऱ्यात उभी राहिली. तिनं माझ्याकडे पाहून ओळखीचं हसल्यासारखं केलं, आणि मी उलटतपासणीला उठलो. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला 'तुम्ही' म्हणालो.

"उपाध्ये वारले. म्हणजे तुमच्याखेरीज हे ऐकलेलं माणूस आज हयात नाही?"

"न्हाय."

"आणि या सांगण्यातून तुम्हाला जन्मभर राहायला खोली मिळते?"

"व्हय."

"मग हे सगळं तुमच्या सोयीसाठी तुम्हीच रचलंत, असं माझं म्हणणं आहे."

ती रागावली नाही. माझ्याकडे पाहत तिनं तोंड उघडलं, आणि कोर्टात दोनदा खोकल्याचा आवाज आला. त्यानंतर एक श्वास. खोकला बाईचा नव्हता. "विहिरीचं शेत... दोघांत निम्मंनिम्म," आवाज म्हणाला. जाड, भुकटीनं भरलेला, वाक्याच्या मधे थांबणारा. "रत्नाला मागची खोली... जिती हाय तोवर. तिला कुणी ऊठ म्हणायचं न्हाय." तिचे ओठ हलत होते, डोळे मात्र माझ्यावरच होते, आणि त्या डोळ्यांत मला भीती दिसली. पहिल्यांदा वाटलं ती मला भीत असेल. नंतर लक्षात आलं, तो आवाज तिलाही अनपेक्षित होता. मी पुढचा प्रश्न विचारायला हातातला कागद वर केला, तेवढ्यात तो आवाज शांतपणे म्हणाला, "मास्तराच्या सद्या... कुंदर."

मी बसलो. मुन्सफसाहेबांनी विचारलं, उलटतपास संपला का? माझ्या शेजारी जिनाप्पा उभा राहिला होता, त्याच्या कपाळावरून घाम गळत होता. "साहेब, मला भांडायचं न्हाय," तो म्हणाला. "आक्का म्हणती तसं मिटवा." त्याच आठवड्यात दोघा भावांनी तडजोडीवर सह्या केल्या. कोर्टाच्या कागदात एवढंच लिहिलेलं आहे की पक्षकारांनी आपसांत समजुतीनं वाद मिटवला.

नंतर लोक म्हणाले, जन्मभर बापाजवळ राहिलेली पोर, आवाज काढणार नाही तर काय. मीही तसंच म्हणू लागलो. माझं नाव तिला ठाऊक होतं, 'कुंदर' तिनं हजारदा ऐकलेलं, म्हणजे त्यात अशक्य असं काही नव्हतं... पण निपाणीला गेलो की मी तिच्या घरावरून जाताना दुसऱ्या बाजूनं चालायचो.

अशी पाच-सहा वर्षं गेली असतील. एका कामासाठी बाळगोंडाला भेटायला मला त्यांच्या घरी जावंच लागलं. अंगणात तंबाखूची पानं वाळत पसरली होती, बायका पलीकडे पानं निवडत होत्या. टळटळीत दुपार होती. मागच्या खोलीतून मला तो खोकला ऐकू आला. दोनदा. मग आवाज, "रत्ना... आता खरं म्हण." मी बाळगोंडाकडे पाहिलं. तो मान खाली घालून पानांची जुडी बांधत राहिला. मी मागच्या खोलीपर्यंत गेलो. रत्नाक्का एकटीच होती, कळशीच्या तोंडावर फडकं धरून पाणी गाळत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "घसा बसलाय रं माझा." तिचा घसा अगदी स्वच्छ होता.

तिनं मला बोलावून घेतलं ते या वर्षी, ती जाण्यापूर्वी दीड महिना. मागच्या खोलीत घोंगडी अंथरलेली होती. ती बरीच वाळली होती, पण बोलणं पूर्वीसारखंच ठाम. "कागद आणलास न्हवं? ल्ही. माझं मृत्युपत्र."

मी म्हणालो, "आक्का, तुझ्या नावावर आहे काय?"

"विहिरीचं शेत," ती म्हणाली.

मला वाटलं तिला भ्रम झालाय. तिनं मला हातानं थांबवलं आणि सांगितलं, ते असं. त्या दुपारी आदाप्पांनी विहिरीचं शेत कुणाही मुलाला दिलं नव्हतं. सगळंच्या सगळं रत्नाक्काला दिलं होतं. "म्हणाले, पोरी, तुला कुणाच्या दारात हुभं राहाय लागू नये. उपाध्ये ऐकत हुते. मग उपाध्ये गेले, आणि मी इचार केला. सगळं मीच घेतलं तर ह्या दोघांतलं कोण मला आक्का म्हणल? म्हून मी निम्मंनिम्म सांगितलं. खोली तेवढी मागून घेतली."

"म्हणजे कोर्टात..."

"कोर्टात खोटं सांगाय मी तोंड उघडलं. आणि आवाज आला त्यांचा. माझ्या खोट्याला त्यांचा आवाज. मीबी भ्याले हुते रं, तू एकलाच न्हवतास. तवापासनं रोज दुपारी, ते गेलेत त्याच टायमाला येतेत. रागावत न्हाईत. म्हणतेत, आता खरं म्हण."

मी विचारलं, मग इतकी वर्षं म्हटलं का नाहीस.

"म्हटलं की ते जातील," रत्नाक्का म्हणाली. "आणि खोलीत मग मी एकटीच."

मी खाली पाहिलं आणि लिहायला घेतलं. तिला समजावलं, इतक्या वर्षांनी कायद्यानं याला काही किंमत नाही, शेत त्या दोघांच्या नावावर कधीच झालंय. ती म्हणाली, "कायद्याला कोण इचारतंय? मी गेल्यावर त्यास्नी वाचून दाखीव. त्यास्नी कळू दे म्या दिलंय ते." मजकूर चार ओळींचा. वडिलांनी मला दिलेलं विहिरीचं शेत मी माझ्या राजीखुशीनं माझ्या दोघा भावांना निम्मंनिम्म दिलं आहे. मी ते मोठ्यानं वाचलं, तिनं शब्दन् शब्द माझ्यामागून म्हटला, स्वतःच्या आवाजात. मग शेजारच्या दोघांना साक्षीला बोलावून तिनं अंगठा उठवला. उन्हाची तिरीप उंबऱ्यावरून सरकून गेली. आम्ही दोघंही तिथंच बसून होतो, आणि मला कळत होतं की ती कान देऊन आहे. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "आज न्हाय आले." तिचे डोळे भरून आले होते. मी निघालो तेव्हा तिनं मला पूर्वीसारखं 'परत ये' म्हटलं नाही.

तेराव्यानंतर मी तो कागद दोघा भावांना वाचून दाखवला. पन्नाशीचे झालेले ते दोघं सोप्यावर शेजारी शेजारी बसले होते. बाळगोंडानं कागद हातात घेतला, तिच्या अंगठ्यावर आपला अंगठा ठेवून पाहिला आणि तो तसाच धरून बसला. जिनाप्पा म्हणाला, "म्या तिला खोटी म्हटलं. खोटीच हुतीस की गं तू, आक्का..." आणि टॉवेल तोंडाला लावून तो रडला. तडजोडीप्रमाणे तिच्यामागं ती खोली दोघांत वाटायची होती. ती वाटायची नाही, तिला कुलूपही लावायचं नाही, असं त्यांनी तिथंच ठरवलं. माझ्याकडून काही लिहून घेतलं नाही.

मागच्या आठवड्यात मी पुन्हा निपाणीला गेलो. दुपारची वेळ होती. मला त्या खोलीत पाच मिनिटं बसायचं होतं, दुसरं काही नाही. जिनाप्पा मला मागच्या बाजूला घेऊन गेला. दार उघडंच होतं. आत घोंगडीची घडी, कोपऱ्यात पालथी घातलेली कळशी. मी आत पाऊल टाकणार तोच त्यानं माझ्यापुढे हात आडवा केला. उंबऱ्याबाहेर उभा राहून हलक्या आवाजात त्यानं विचारलं, "आक्का, येऊ काय?" आणि मान थोडी कलती करून तो थांबला. मीही थांबलो. पलीकडे अंगणात बायका पानं निवडत होत्या, तेवढाच आवाज. थोड्या वेळानं त्यानं माझ्या दंडाला धरून मला मागं फिरवलं.

"आज नको, वकीलसाब," तो म्हणाला. "आत्ताच जरा पडलीया."