अंड्याचे स्फटिक आणि विश्वनाथआप्पा

एका खोलीत तीन तऱ्हेवाईक माणसं वर्षभर कोंडली, की किस्से मागायला कुठं जावं लागत नाही. आमची खोली परभणीतली, राज्य निजामाचं. कादरी डॉक्टरांना तंबाखूच्या रोगाचा विषाणू आणि अंड्यातलं प्रोटीन यांचे स्फटिक खुर्दबिनीखाली, म्हणजे मायक्रोस्कोपखाली, वाढताना बघायचे होते. मी मदतनीस. भांडी धुवायला विश्वनाथआप्पा. गळ्यात लिंग, गालात तंबाखू.

*

तंबाखूची रोगट पानं आणायला डॉक्टर सोनपेठच्या बाजारात गेले. व्यापाऱ्यानं एकापेक्षा एक सरस पान काढलं, यांनी सगळं परत केलं. डागाळलेलं पान दिसल्यावर मात्र चेहरा खुलला.

व्यापारी मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेबाला घरी न्या. ऊन लागलंय."

*

त्यातलंच एक पान आप्पांनी मळून खाल्लं. डॉक्टर घाबरून त्यांची नाडी धरून बसले. "आप्पा, कैसा लगरा?"

"चुना कमी पडलाय."

*

आप्पा लिंगायत, अंड्याला शिवत नसत. म्हणून डॉक्टर स्वतः अंडी फोडत. पांढरं भांड्यात, पिवळं तव्यावर. स्फटिक एकही वाढला नाही, डॉक्टरांचं पोट तेवढं सुटलं.

आप्पा म्हणाले, "वाढायलंय की कायतरी. बघायला खुर्दबीनबी लागत न्हाई."

*

मग निरोप आला: हैदराबादेहून बडे साहेब येणार, स्फटिक दिसले नाहीत तर खोलीला कुलूप. डॉक्टरांची झोप उडाली. मला त्यांची फार दया यायची. या नादापायी त्यांनी बाकी सगळं सोडलं होतं. धुळीनं प्रयोग बिघडेल म्हणून त्यांनी खिडक्या बंद केल्या. आम्ही शिंकायलाही बाहेर जायचो.

त्या गडबडीत अंड्याचं एक भांडं आप्पांनाच उचलावं लागलं. त्यांनी आधी हातांना भस्म फासलं, आणि ते भांड्यात सांडलं. डॉक्टर इतके ओरडले, की शेजारच्या कचेरीतले लोक बघायला आले.

दुसऱ्या दिवशी त्याच भांड्यातला थेंब खुर्दबिनीखाली ठेवला, तर राखेच्या कणाकणाभोवती स्फटिकांच्या सुया. स्वच्छ भांडी तशीच्या तशी. बड्या साहेबांनी डोळा लावला, खूश झाले आणि जाताना म्हणाले, "अशी अजून दहा भांडी पाठवा."

कधी नमाज न चुकवणारे आमचे डॉक्टर उठले. त्यांनी दार लोटलं, टेबलाचा एक कोपरा स्वतः पुसला आणि हळूच म्हणाले, "आप्पा, कल से पूजा यहींच कर लेव."