सगळ्या गावाला ठाऊक होतं

मी आठवीत होते त्या वर्षी वर उत्तरेत लढाई पेटली आणि त्या लढाईत माझा सख्खा थोरला भाऊ गेला. हे आधीच सांगून टाकते, कारण कुणाला ताटकळत ठेवणं मला आवडत नाही. का आवडत नाही, तेच सांगायचंय.

मुरगूडच्या बाजूला आमचं गाव. आमच्याकडं पोरगं बारावीला गेलं की पहाटे डांबरी रस्त्यानं पळायला लागतं, भरतीसाठी. दादाही पळायचा. पहिल्याच भरतीत लागला. त्या जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा तो सीमेवर होता, आणि माझा रुबाब काय विचारता! परिपाठात रोज कुणीतरी ठळक बातम्या वाचायच्या असत. आमच्या वर्गशिक्षकांनी ते काम कायमचं मलाच देऊन टाकलं. "जवानाची भैन हाय, तीच वाचंल," म्हणाले. सकाळी रेडिओला कान लावून मी बातम्या कागदावर उतरवायची आणि शाळेत असल्या ठसक्यात वाचायची, की जणू प्रत्येक शिखर आमच्या दादानंच एकट्यानं जिंकलंय. मरणाच्या बातम्याही त्याच ठसक्यात. मेलेली माणसं दुसऱ्यांच्या घरची असतात, असंच वाटायचं त्या वयात.

दादाचा फोन किराणा दुकानात यायचा. दुकानदाराचं पोरगं हाक मारत आलं की आई हातातलं टाकून धावायची. शेवटच्या फोनात तो म्हणाला, "आये, सुट्टी मंजूर हुईल असं वाटतंय. शेंगाचं लाडू करून ठिव." झालं! आईला दुसरं काय पाहिजे? घरात दाणे भाजल्याचा वास सुटला.

मग एका मंगळवारी मी कागद घेऊन पुढं उभी राहिले, तर सर म्हणाले, "आज बातम्या नकोत."

"का सर?"

"नको म्हटलं न्हवं? जा, जाग्यावर हो."

बोलताना त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मी फुगले. माझं काम दुसऱ्या कुणाला द्यायचा डाव आहे, अशी माझी खात्रीच झाली. रागानं गणिताच्या तासाला गृहपाठ दाखवला नाही. एरवी छडीशिवाय न बोलणारे सर नुसतं "असू दे" म्हणाले. दुपारी खो-खोत मला कुणी बाद करीना. जिच्या हाती मी दरवेळी सापडायची, ती माझी मैत्रीण माझ्यामागं धावता धावता मध्येच थांबली. "भ्यालीस व्हय गं मला?" म्हणून मी तिला चिडवलं, तर ती हुंदके द्यायला लागली. मी म्हटलं, काय बाई पोरगी, हरली की लागली रडायला!

घरी आले तर टीव्हीवर नुसत्या मुंग्या. केबलची तार तुटलीय, परवा बघतो, असं केबलवाला सांगून गेला होता. तुटली कसली, त्यानंच तोडली होती. पारावर बसून तसं ठरलं होतं. आमच्याकडं ही रीतच पडलीय, शवपेटी गावात येईस्तोवर जवानाच्या आईला कळू द्यायचं नाही. दुष्टपणानं नाही करत हो कुणी. तेवढा वेळ ती कशी काढंल, या काळजीनंच करतात. दादा गेल्याचा निरोप आबांना, म्हणजे माझ्या वडलांना, दिला होता. आणि त्यांनीच सगळ्यांपुढं हात जोडले होते, की माझ्या घरात बोलू नका. पोरीलाही नको, ती आईजवळ ओकून टाकंल. स्वतः मात्र गोठ्यात जाऊन बसले. म्हैस व्यायला झालीय म्हणाले आणि जेवायलाही आत आले नाहीत. म्हशीला अजून पुष्कळ अवकाश होता. एरवी आईनं लगेच फटकारलं असतं, पण ती लाडवांच्या नादात होती.

दुसऱ्या दिवशी शेजारची काकी लाडू वळायला येऊन बसली. दादानं लहानपणी अख्खा डबा कसा फस्त केला, ते आई सांगत होती, सांगता सांगता हसत होती. काकी नुसती हूं हूं करायची. तिच्या हातात लाडू टिकेनात, सारखे फुटायचे.

"काय गं, हातात जीव न्हाय काय?" आई म्हणाली.

"कूट गेलं डोळ्यात," म्हणत काकीनं डोळ्याला पदर लावला. आईनं तिला पाणी आणून दिलं. मग गूळ बरा पडलाय का बघायला स्वतः एक लाडू खाल्ला, मला एक दिला.

गुरुवारी सकाळी लष्कराची गाडी आली. रस्त्याला रांगोळ्या होत्या, ट्रॅक्टरची ट्रॉली फुलांनी सजवलेली होती, आमच्या शाळेची पोरं झेंडे घेऊन उभी होती. एवढी सगळी तयारी! अख्खं गाव तयार होतं, फक्त आम्ही दोघी तेवढ्या नव्हतो. त्या दिवसाचं मी याहून जास्त सांगणार नाही, मला सांगता येत नाही.

दिवसकार्य उरकलं, पै-पाहुणे गेले, तेव्हा आई आबांना म्हणाली, "माझं लेकरू पेटीत हुतं आणि मी गोड खाल्लं. मला हसत बसवलासा तुम्ही."

"तुझ्यासाठीच केलं गं."

"माझ्यासाठी? ते दोन दिस माझं हुतं. तुम्ही कोण काढून घेणार?"

त्यानंतर ती आबांशी कामापुरतंच बोलायची, काकीशी तेवढंही नाही. मधली भिंत एकच, पण दोन्ही घरं एकमेकांना मेली. लढाई संपली, आपण जिंकलो, शाळेत पेढे वाटले. मी पेढा मुठीत धरून बसले, तो खावा की टाकावा ते मला कळेना. आबांना रडताना मी एकदाही पाहिलं नव्हतं. त्याचा मला भयंकर राग यायचा.

वार्षिक परीक्षा तोंडावर आली होती. काकीचा थोरला शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत, लोखंड ओतायच्या कारखान्यात, कामाला होता. एका दुपारी आई आणि मी दूध घालायला डेअरीवर गेलो, तर तिथं माणसं गोळा झालेली. काकीचा पोरगा कारखान्यात अपघातात गेला होता. आबाही तिथंच उभे होते. "त्याच्या आईला इतक्यात सांगू नका, बॉडी येऊ दे," कुणीतरी म्हणालं. आईनं दुधाची किटली तिथंच ठेवली आणि चालायला लागली. मी मागून पळत तिचा पदर धरला. मला वाटलं, ही सूड घ्यायला निघाली.

काकी अंगणात तांदूळ निवडत बसली होती. आईला दारात बघून ती उठली, तिचं तोंड फुललं. "आलीस व्हय बाई! ये, ये. च्या टाकते."

आईनं तिचे दोन्ही हात धरून तिला खाली बसवलं. "च्या नको. पोरगं गेलं तुझं. कारखान्यात. आत्ताच निरोप आलाय."

काकीनं तिला ढकललं, शिव्या दिल्या, तुझं वाटोळं होईल म्हणाली. आईनं हात सोडले नाहीत. तोवर पुरुष माणसं धावत आली, आबा सगळ्यांत पुढं. काकीनं त्यांच्याकडं तोंड वर केलं.

"भावजी, खरं हाय काय?"

सगळ्यांनी माना खाली घातल्या.

"व्हय," आबा म्हणाले, आणि तिथंच मातीत बसून मोठ्यानं रडायला लागले. रडता रडता ते दादाचं नाव घेत होते.

काकीला छातीशी धरून बसलेल्या आईनं त्यांच्याकडं बघितलं. "रडा आता," ती म्हणाली.