सगळ्यांच्याच डोक्यावर ठिपका

मावशीने पिल्लू दिव्याखाली धरलं. काळं, नुकतंच सुकलेलं, डोक्यावर पांढरा ठिपका. म्हणजे नर. तिने ते डावीकडच्या खोक्यात सोडलं. पुढचं उचललं. ठिपका. डावीकडे. त्याच्या पुढचं. ठिपका.

उजवीकडचं खोकं रिकामंच होतं.

मावशीने चष्मा पुसला. मग दिवा पुसला. मग पिल्लाचं डोकंही पुसून पाहिलं. ठिपका गेला नाही.

"हा काय पोरखेळ चाललाय," ती पिल्लाला म्हणाली. पिल्लू चिवचिवलं. त्याचा काही दोष नव्हता, पण त्या क्षणी समोर दुसरं कोणी नव्हतं.

मावशीचं सगळं आयुष्य या ठिपक्यावर उभं होतं. तरुणपणी ती एका मोठ्या उबवणी केंद्रात कामाला होती. तिथले जाणकार पिल्लू उलटं करून त्याची शेपटीखालची जागा बघत आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत नर-मादी सांगत. मावशीला ते कधी जमलं नाही. तिला तिथे काहीच दिसायचं नाही. मुकादम सगळ्यांसमोर म्हणाला, "बाई, तुम्ही फरशी पुसा." मावशीने फरशी पुसली आणि मनात डूख धरला. पुढे तिला कळलं की आई-बाप योग्य रंगाचे निवडले, तर पिल्लू उलटं करावंच लागत नाही. ते डोक्यावर उत्तर घेऊनच बाहेर येतं. तिने नोकरी सोडली आणि घराच्या मागच्या खोलीत उबवणीचं यंत्र बसवलं.

बाप लाल, आया पट्टेरी. पट्टे आईचे, पण आई ते फक्त मुलांना देते. मुलींच्या हाती तिच्याकडून काही लागत नाही. पिसांवरचे पट्टे नंतर उमटतात, पण मुलाच्या डोक्यावर पहिल्या दिवसापासून पांढरा ठिपका असतो. मुलीला मिळायचं ते बापाकडून, आणि लाल बापाकडे पट्टे नाहीतच. म्हणून तिचं डोकं कोरं. मावशी हे कोणालाही सांगे. न विचारताही सांगे. सांगून झालं की म्हणे, "माझ्याकडून मादी म्हणून नेलेलं पिल्लू आजवर आरवलेलं नाही."

हेच ती गेल्या महिन्यात भाचीच्या सासूला सांगून आली होती. भाचीला अंड्यांचा धंदा करायचा होता. सासूने परसातली खोली रिकामी करून द्यायला महत्प्रयासाने होकार दिला होता, आणि खोलीतली जुनी कपाटं अंगणात काढली होती. पण अट होती. पिल्लं सगळी माद्याच हवीत. कोंबडे निघाले की कपाटं परत आत, आणि धंद्याचं नाव पुन्हा काढायचं नाही. मावशीने छातीवर हात ठेवून शब्द दिला होता. भाची आज पिल्लं न्यायला येणार होती.

"अहो," मावशीने हाक मारली. "जरा इकडे या."

"चहा झाला की येतो."

"चहा मागाहून. कोंबड्याला काय झालंय?"

"कोणत्या?"

"आपल्याकडे एकच कोंबडा आहे."

"हां, तो. मजेत आहे तो."

गुडघ्यांनी दगा दिल्यापासून मावशीचं मागच्या पायऱ्या उतरून खुराड्याकडे जाणं बंद झालं होतं. तिथलं सगळं काका बघत.

"लालच आहे ना?"

काका दारात येऊन उभे राहिले. आत आले नाहीत. इतक्या वर्षांच्या संसारानंतर माणसाला उंबरठ्याची किंमत कळते.

"लाल म्हणजे," काका म्हणाले, "तुरा लाल आहे."

"आणि बाकीचा?"

"बाकीचा पट्टेरी."

मग एकेक बाहेर यायला लागलं. लाल कोंबडा रोज सकाळी काकांच्या नडगीला टोचायचा. कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे एक पट्टेरी होता, गायीसारखा गरीब. गेल्या खेपेची अंडी उचलून झाली, त्याच दिवशी दोघांनी अदलाबदल केली.

"शिवाय," काका म्हणाले, "बायका सगळ्या पट्टेरी आणि हा एकटाच लाल. जोडा शोभत नव्हता."

"तुम्हाला सोयरीक जमवायला कोणी सांगितलं होतं?"

"लालच हवा असं तू मला कधी सांगितलं नाहीस."

मावशीने हे शेजाऱ्यांना सांगितलं होतं, पोस्टमनला सांगितलं होतं, दाताच्या डॉक्टरला तोंडात हत्यार असताना सांगितलं होतं. त्यातल्या बहुतेक वेळी काका शेजारी बसून मान डोलावत होते.

काकांनी लांबूनच खोक्यात डोकावून पाहिलं. "सगळे मुलगेच? बरं झालं की."

"सगळे मुलगे नाहीत. आता बापाकडेही पट्टे, म्हणून मुलींनाही ठिपका. यात निम्म्या मुली असतील. कोणत्या, ते मला कळत नाही."

हे शेवटचं वाक्य मागच्या खोलीत याआधी कधी ऐकू आलं नव्हतं. काकांनाही ते जाणवलं. ते चहाकडे परतले.

मावशीने कंबर कसली. आई-बाप दोघंही पट्टेरी असले, तर मुलाचा ठिपका मोठा आणि विस्कटलेला असतो, मुलीचा लहान आणि नेटका, मुलीचे पायही जरा काळपट, असं तिने ऐकलं होतं. तिने मोठे ठिपके डावीकडे ठेवले, लहान उजवीकडे. मधल्यांसाठी तिसरं खोकं आणलं. तेच सगळ्यात लवकर भरलं. एक पिल्लू तिने दोनदा तपासलं. पहिल्यांदा ते नर होतं, दुसऱ्यांदा मादी.

तेवढ्यात दार वाजलं. भाची आली होती, आणि तिच्या मागून तिची सासू.

"आईसुद्धा आल्यात," भाची म्हणाली. तिचा आवाज चोरटा होता.

"म्हटलं, बघू तरी ठिपक्याची गंमत," सासू म्हणाली. "हिच्या तोंडून ऐकून ऐकून मला भिंतीवरही ठिपके दिसायला लागलेत."

मावशीने उजवीकडच्या खोक्याकडे पाहिलं. लहान ठिपकेवाली. त्यातली पुष्कळशी माद्याच निघाली असती. तुरे वर येईपर्यंत कोणाच्या बापाला कळलं नसतं. भाची तिच्याकडे बघत होती, एखाद्याने देवाकडे बघावं तशी.

"देऊन टाक," काका मागून कुजबुजले. "कोण बघतंय."

काकांचा सल्ला ऐकून मावशीचं आजवर कधी भलं झालं नव्हतं. तिचा निश्चय तिथेच झाला.

"विहीणबाई," ती म्हणाली, "या खेपेला मला सांगता येत नाही."

भाचीचा चेहरा पडला. सासूने एक भुवई वर केली. मावशीने लाल कोंबडा, पट्टेरी कोंबडा, शिंपी, नडगी, सगळं सांगितलं. काकांना वाचवलं नाही. "ही मिसळलेलीच न्या. जितके कोंबडे निघतील ते मी परत घेईन आणि लाल कोंबडा परत आणून तेवढ्या माद्या देईन, कोऱ्या डोक्याच्या. नको असतील तर तसं सांगा. शब्द मी दिला होता. पोरीचा यात काही दोष नाही."

सासूने स्टूल ओढलं, बसली, तिसऱ्या खोक्यातलं एक पिल्लू उचललं आणि पाय धरून उलटं लोंबकळत ठेवलं.

"अहो, हे काय करताय?"

"गप्प लोंबकळलं तर मादी. धडपडलं तर नर. माझी आई असंच बघायची."

या प्रकाराला मावशी आयुष्यभर हसत आली होती, लोकांच्या तोंडावर हसत आली होती. "तसं काही नसतं हो. झोप आली असेल तर नरही लोंबकळेल."

"मग तुम्ही सांगा, हे काय आहे?"

मावशीने ठिपका पाहिला. धड लहान नाही, धड मोठा नाही. पाय पाहिले. धड काळे नाहीत, धड पिवळे नाहीत.

"मादी आहे," सासू म्हणाली आणि दुसरं उचललं.

भाचीने मावशीचं कोपर दाबलं. "मावशी, बोलू नकोस. आई इतक्या रमलेल्या मी कधी पाहिल्या नाहीत."

मावशीने दिवा पुन्हा पुसायला घेतला. सासू एकामागून एक पिल्लं लोंबकळवत राहिली, तिन्ही खोकी तिने नव्याने लावली, आणि मावशीने मोठ्या ठिपक्याची म्हणून बाजूला काढलेली कितीतरी पिल्लं माद्या ठरवली.

"आई, मग खोलीचं काय?" भाचीने हळूच विचारलं.

"कपाटं राहू दे बाहेर," सासू म्हणाली. "या माद्यांच्या खोक्यातून एकही कोंबडा निघायचा नाही. मी स्वतः पाहिलंय."

मावशीने तोंड उघडलं. भाचीने तिच्या पायावर पाय दिला.

"पुढच्या खेपेला मला आधी कळवा," सासू उठताना म्हणाली. "मी येत जाईन. दोघी मिळून बघू."

"या," मावशी म्हणाली, आणि खोक्याचं झाकण जरा जास्तच जोरात लावलं.