बावीसच्या वर न जाणारी बोट

स्पीडचा आकडा ताशी बावीस किलोमीटरवर अडकला होता. मी थ्रॉटलचा दांडा पूर्ण पुढे ढकलला होता. इंजिन किंचाळत होतं. बोटीचं नाक आभाळाकडे आणि मागचा भाग पाण्यात रुतलेला. बोटीत आठ माणसं होती आणि त्यातली सात माझ्याकडे बघत होती.

"सुभेदारसाहेब, एवढीच पळती व्हय?" समाधान मेटकरींनी विचारलं.

आठच दिवसांपूर्वी याच माणसाला मी फोनवर छातीठोकपणे सांगितलं होतं, "एका इंजिनाची घ्या, भरपूर झालं."

मी मूळचा वडूजकडचा. आमच्या भागात टँकरचं पाणी बघत माणूस मोठा होतो. पण फौजेत गेलो आणि इंजिनिअरांच्या पलटणीत नशिबाला बोटी आल्या. मागच्या बाजूला टांगायची इंजिनं, म्हणजे ओबीएम, उघडण्यात आणि जोडण्यात चोवीस वर्षं गेली. पेन्शनवर आल्यावर साताऱ्यात राहिलो. बोट क्लबवाले, रिसॉर्टवाले बोट घेण्याआधी मला बोलावतात. मी बोट चालवून बघतो, तपासतो आणि दोन पानांचा रिपोर्ट लिहून देतो.

मेटकरी आटपाडीचे. घरात पिढ्यानपिढ्या मेंढरं. समाधानचे वडील बिरा आण्णा यांनी अर्धं आयुष्य कळपामागं चालण्यात घालवलं. समाधान मात्र तमिळनाडूत गेले आणि सोन्याच्या गलाईत, म्हणजे जुनं सोनं वितळवून शुद्ध करण्याच्या धंद्यात, चांगले स्थिरावले. कोयनेच्या बॅकवॉटरला त्यांनी जागा घेतली, घर बांधलं, आणि आता घरच्यांसाठी बोट घ्यायची होती. परवानग्यांचं काम त्यांनी आधीच उरकलं होतं. प्रश्न एकच होता. त्यांना पसंत पडलेली जेट बोट दोन प्रकारात मिळत होती. लांबी तेवढीच, सीटा तेवढ्याच. एकीत एक इंजिन, दुसरीत दोन, म्हणून आम्ही एकीला लहान आणि दुसरीला मोठी म्हणत होतो. दोन इंजिनवाली जवळजवळ दीडपट महाग. एवढे पैसे जास्त घालण्यात अर्थ आहे का, हे मी सांगायचं होतं.

जेट बोट म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. साध्या मोटरबोटीला पाण्यात बाहेर पंखा असतो. जेट बोटीला तो नसतो. तिच्या पोटात पंप असतो. तो खालून जाळीतून पाणी ओढतो आणि मागच्या तोंडातून जोरात फेकतो. त्या धक्क्यानं बोट पुढे जाते. बाहेर फिरतं पातं नसल्यामुळे पाण्यात खेळणाऱ्या पोरांना धोका कमी. म्हणून कुटुंबवाले ती पसंत करतात.

दुसरी गोष्ट, प्लेन होणं. बोट हळू असते तेव्हा पाणी नांगरत जाते. वेग वाढला की वर उचलली जाते आणि पाण्याच्या पाठीवरून घसरत पळते. याला आम्ही बोट प्लेन झाली म्हणतो. प्लेन न होणारी बोट पेट्रोल पिते, नाक वर करते आणि चालवणाऱ्याला पुढचं काही दिसत नाही.

आमची बोट प्लेन होत नव्हती. बोटीत समाधान, त्यांची बायको कोमल, दोन मुलं, आई, धाकटा भाऊ, भावजय आणि मी. आठांची परवानगी, आठ माणसं. आण्णा काठावरच थांबले होते. "मला पोहाय येत न्हाई आन आता शिकायचंबी न्हाई," म्हणून ते खुर्ची टाकून बसले होते.

काठावर परत आलो. कंपनीचा सेल्समन केतन दोन्ही बोटी ट्रेलरवर घालून पुण्याहून आला होता. तो म्हणाला, "सर, मी सांगत होतो. फुल लोडला सिंगल इंजिन कमी पडतं. ट्विन बघा."

मी वहीत लिहिलं : आठ माणसं, वेग बावीस, इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा मिनिटाला सात हजारांच्या वर. लिहिताना काहीतरी टोचलं. पण काय टोचलं ते कळेना.

मग मोठी बोट. तीच आठ माणसं. थ्रॉटल ढकलला आणि पाच सेकंदांत बोट वर. चाळीस, पन्नास, सत्तर. मुलं ओरडायला लागली. आईंनी डोळे मिटून माझ्या शर्टाची बाही धरली होती. समाधान म्हणाले, "बस, ठरलं. साहेब, जरा माझ्या हातात द्या."

मी दिली. शेजारी उभा राहिलो. एका टेकाडाला वळसा घातला आणि समोर मासेमारीची होडी. एकटा माणूस जाळं ओढत होता.

घाबरल्यावर गाडीवाला जे करतो तेच समाधाननी केलं. थ्रॉटल झटकन मागे ओढला आणि स्टिअरिंग गरकन फिरवलं. बोट वळली नाही. सरळ होडीकडेच सरकत राहिली.

जेट बोटीची खोड ती हीच. मागून पाणी फेकलं जात असेल तरच ती वळते. थ्रॉटल सोडला की स्टिअरिंग जवळजवळ शोभेचं. हे मी त्यांना सुरुवातीलाच सांगितलं होतं. मान हलवली होती त्यांनी. पण भीतीच्या क्षणाला सांगितलेलं कुणाला आठवतं?

मी त्यांचा हात बाजूला केला, थ्रॉटल थोडा पुढे दिला, तेव्हा बोट वळली. होडीपासून दोन-तीन हातांवरून गेलो. आमच्या लाटेनं होडी अशी डुलली की त्या माणसाची माशांची पाटी पाण्यात गेली.

"आरं, डोळं फुटल्यात का तुमचं?" तो उभा राहून ओरडला. "बिरेक न्हाई का हिला?"

समाधान हात जोडून उभे होते. आम्ही हळू फिरून त्याच्याजवळ गेलो, माफी मागितली, माशांचं नुकसान भरून दिलं. पैसे खिशात घालताना त्यानं बोटीतल्या मुलांकडे बघितलं. मग म्हणाला, "पोरं हायती बोटीत. जरा बघून चालवा की, गड्या."

उतरल्यावर आई एवढंच म्हणाल्या, "ही नगं. मी काय बसायची न्हाई हिच्यात."

माझी अवस्था काय सांगू. लहान बोट आठ माणसं उचलत नाही. मोठी उचलते, पण वेग एवढा की चूक सावरायला जागा उरत नाही. समाधानना मोठी हवी. आईंना मोठी नको. केतन म्हणत होता, मोठी घ्या आणि हळू चालवा. ते ऐकायला बरोबर वाटत होतं. पण हळूच चालवायची तर दीडपट पैसे कशाला? आणि दोन इंजिनांतलं एक बंद पडलं तर दुसऱ्यावर घरी येता येतं, हेही खरंच होतं. वहीत मी तीन वेळा लिहिलं आणि तीन वेळा खोडलं. चोवीस वर्षांच्या नोकरीनंतर एका घरगुती बोटीनं मला असं गोंधळात टाकावं, याची लाज वाटत होती.

जेवायला सतरंजी टाकली. बाजरीची भाकरी, ठेचा, दही. कोमल वाढत होत्या. आण्णा माझ्या शेजारी बसले होते. भाकरी मोडता मोडता म्हणाले, "सायेब, एक इचारू का?"

"विचारा की, आण्णा."

"ती पयली बोट. तिच्यात पंपच हाय म्हनला न्हवं? विहिरीवरच्या मोटारीवाणी?"

"व्हय. पंपच आहे."

"मग आवाज लय आन पानी कमी, असं झालं तर आमी मोटार बदलत न्हाई. आदी फुटवॉल बघतो. कायतर अडकल्यालं असतंय."

माझा घास हातातच राहिला.

फुटवॉल म्हणजे विहिरीच्या पाईपच्या तळाशी असलेली झडप आणि जाळी. ती तुंबली की वरची मोटर नुसती ओरडते.

"आण्णा, तुम्हाला काठावरनं कसं कळलं?"

"आवाजावरनं. दुसरी मोकळी वरडत हुती. पयली कोंडल्यावाणी वरडत हुती."

मी वही उघडली. काटा सात हजारांच्या वर, वेग बावीस. टोचत होतं ते हेच. मी आयुष्यभर पंख्याच्या इंजिनांवर काम केलेलं. पंख्याच्या बोटीत वजन जास्त झालं की इंजिन दबतं, काटा खाली येतो. इथे काटा वर आणि वेग खाली. म्हणजे इंजिन दमलेलं नव्हतं. त्याच्या हाताला पाणीच लागत नव्हतं. मी आकडा लिहिला होता, वाचला नव्हता.

लहान बोट ट्रेलरवर ओढून घेतली. मी चिखलात पाठीवर आडवा झालो आणि टॉर्च मारला. बोटीच्या पोटाखालच्या जाळीत खताच्या पोत्याचा तुकडा आणि नायलॉनच्या जाळ्याचा गुंता घट्ट बसला होता. अर्ध्याहून जास्त तोंड बंद. उन्हाळ्यामुळे पाणी खाली गेलेलं. केतननं बोट गुडघाभर पाण्यातच चालू केली होती आणि तिनं तळाचं सगळं ओढून घेतलं होतं. जेट बोट कमरेइतक्या पाण्यात नेल्याशिवाय चालू करायची नसते. केतनला ते माहीत होतं, पण घाई झाली होती. मला तर माहीत असायलाच हवं होतं. मी त्याच्या शेजारी उभा होतो.

कात्रीनं गुंता कापला. पुन्हा तीच आठ माणसं. आईंना बरंच समजवावं लागलं. बारा सेकंद लागले, पण बोट उचलली. चोपन्नपर्यंत गेली आणि तिथे शांतपणे टिकली.

आता कुठे प्रश्न खरा झाला. पाच सेकंद की बारा सेकंद, सत्तर की चोपन्न, एवढाच फरक. शिवाय दुसऱ्या इंजिनाचा आधार. पण गाळातून दोन पंप चालवले तर दोन्हीही तोच गाळ ओढणार. मी हे सगळं समाधानना सांगितलं.

"मग लोक मोठी घेतात कशाला?" त्यांनी विचारलं.

"समुद्रात लाटा असतात, लांब जायचं असतं. मागे दोन-दोन माणसं ओढत पळवायची असतात. तुम्हाला यातलं काय करायचंय?"

त्यांनी मुलांकडे बघितलं. "पोरांना हवेच्या ट्यूबवर बसवून ओढायचंय."

"एक पोरगं ही पण ओढेल."

"पण साहेब, घ्यायचीच तर..." ते वाक्य पूर्ण करेनात. मलाही त्यांना पूर्ण पटवता येईना. खरं तर मला स्वतःलाच पुरतं पटलं नव्हतं.

तेव्हा कोमल पुढे आल्या. आतापर्यंत त्या फक्त बसत होत्या, उतरत होत्या, वाढत होत्या.

"साहेब, हे वर्षातून दोनदा येणार. महिनाभर राहणार आणि परत तमिळनाडूला. मुलांच्या शाळेसाठी मी साताऱ्यात असते. दर सुट्टीला इथे मीच येणार. बोट मीच चालवणार. सकाळपासून मला कुणी एकदाही स्टिअरिंगला हात लावू दिला नाही."

समाधान त्यांच्याकडे वळले. "तू चालवणार?"

"मग कोण? आण्णा?"

आण्णा पहिल्यांदा हसले.

मी कोमलना लहान बोटीत बसवलं. बरोबर फक्त मी. रिकाम्या पाण्यात एक तरंगता डबा सोडला आणि त्यांना सांगितलं, या डब्याला माणूस समजा. पहिल्या वेळी त्यांनीही थ्रॉटल सोडला आणि डब्यावरून गेल्या. दुसऱ्या वेळीही. तिसऱ्या वेळी थोडा थ्रॉटल ठेवून वळल्या. तासाभरात दहापैकी नऊ वेळा डबा चुकवला. मोठ्या बोटीत हाच खेळ केला तर दहापैकी चार. घाम पुसत त्या म्हणाल्या, "हिच्यात विचार करायला वेळच मिळत नाही."

माझा रिपोर्ट तिथेच झाला. मी लिहिलं : एक इंजिन पुरेसं आहे. चालवणाऱ्या व्यक्तीला ही बोट आवरते, मोठी आवरत नाही. सोबत वल्ही आणि ओढायचा दोर ठेवावा. सुटताना कमरेइतकं पाणी, आणि त्याआधी जाळी तपासणं. इंजिन एकच असल्यामुळे ते बंद पडल्यास मदत येईपर्यंत थांबावं लागेल, हेही लिहिलं. हा धोका उरतोच. तो मला खोडता आला नाही.

केतन नाराज झाला, पण लहान का होईना, बोट खपली.

समाधान अजूनही अधूनमधून तमिळनाडूतून फोन करतात. "साहेब, मोठीच घ्यायला पाहिजे होती का हो?" मी म्हणतो, "माहीत नाही." हे खरं उत्तर आहे. जोराच्या वाऱ्यात एखाद्या दिवशी ते दुसरं इंजिन लागलंही असतं. तसा दिवस अजून आलेला नाही, एवढंच मी सांगू शकतो.

दिवाळीत मी तिकडे गेलो होतो. कोमल बोट घेऊन काठाला आल्या. नीट, हळू, न धडकता. पुढच्या सीटवर आण्णा होते. दोन लाइफ जॅकेट घातलेली, एकावर एक. दोन्ही हातांनी दांडी घट्ट धरलेली. किती वेगानं आलात म्हणून विचारलं, तर कोमल म्हणाल्या, "बारा. चौदाला गेलं की आण्णा ओरडतात." चोपन्नची बोट चौदाच्या खाली चालते आहे. मग सत्तरचं काय केलं असतं?

त्यानंतर मी माझ्या तपासणीच्या फॉर्मात बदल केला. पूर्वी पहिली ओळ इंजिनाच्या हॉर्सपॉवरची होती. आता पहिली ओळ आहे, "चालवणार कोण?" दुसरी, "सगळ्यात जास्त घाबरणारं कोण बसणार?" हॉर्सपॉवर सहाव्या ओळीत गेली आहे. तिथपर्यंत पोचेस्तोवर बहुतेक गिऱ्हाइकांचा निर्णय झालेला असतो.